जुन्या पीसीची फायरवॉल केली, पण नेट का येत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि घराघरांत, क्लासेसमध्ये, दवाखान्यांत चांगले चालते पीसी ‘विंडोज ११ घेत नाही’ या एका कारणाने कोपऱ्यात गेले. तेव्हापासून मला एक प्रश्न सारखा विचारला जातो : याची फायरवॉल करता येईल का? येते. पैसे न मोजता येते आणि फार चांगली येते. पण हौसेने बसवायला घेतलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या संध्याकाळी हात टेकतात. पडद्यावर ‘इन्स्टॉल झालं’ असं दिसतं, नेट मात्र येत नाही. मग ते पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करतात. तरीही नाही. मग तिसऱ्यांदा.

नळाला पाणी आलं नाही म्हणून आपण बाथरूम फोडून नवं बांधत नाही. आधी गच्चीवर जाऊन टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग तोटी. फायरवॉलचंही तसंच आहे. नेट एका ठरावीक वाटेने येतं : वायर, कार्ड, पत्ता, नाव. यातल्या कुठल्या ठिकाणी अडलंय ते कळलं की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो. पुन्हा इन्स्टॉल केल्याने यातलं फार थोडं सुटतं, कारण चूक सहसा इन्स्टॉल करण्यात झालेलीच नसते.

फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन

सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला वॉचमन डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी किराणा मागवला, तशी नोंद त्याच्याकडे झाली. दुकानातला मुलगा पिशवी घेऊन आला की तो नोंद बघून आत सोडतो. कुणी न बोलावता आलेला माणूस गेटवरच थांबतो. फायरवॉल हेच काम करते. आतून बाहेर गेलेल्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवते, तिचं उत्तर आत येऊ देते आणि आगंतुकाला अडवते.

हे काम करणारी मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, सॉफ्टवेअर बरीच आहेत. त्यांतली दोन फार वापरली जातात : २००४ साली सुरू झालेलं पीएफसेन्स आणि त्यातूनच २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेसिसो कंपनीने वेगळं काढलेलं ओपीएनसेन्स. या लेखात मी ओपीएनसेन्स धरून चाललोय. एक गोष्ट मात्र आत्ताच लक्षात ठेवा : ही दोन्ही फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. विंडोज नाही, लिनक्सही नाही. पुढच्या काही अडचणींचं मूळ इथे आहे.

‘पण राउटरमध्ये फायरवॉल असतेच की!’

असते, आणि दोन फोन आणि एक टीव्ही असलेल्या घराला ती पुरतेही. पण नेट देणाऱ्याने बसवलेल्या डब्याला अपडेट कधी येतात, येतात की नाही, हे आपल्या हातात नसतं. ऑफिसचे पीसी एका बाजूला आणि सीसीटीव्ही कॅमेरे दुसऱ्या बाजूला असं वेगळं करायचं तर तो डबा सहसा कामाचा नाही. आणि नोंदी? सायबर सुरक्षा सांभाळणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि सायबर घटना घडली तर ती ६ तासांत कळवायची आहे. छोट्या राउटरच्या आठवणीत सहा महिन्यांच्या नोंदी मावत नाहीत. जुन्या पीसीच्या डिस्कवर बऱ्याचदा मावतात.

पहिला अडथळा : पेन ड्राइव्हच चालू होत नाही

ओपीएनसेन्सच्या डाउनलोड पानावर चार प्रकारच्या फाइली असतात आणि नावं बघून नवखा माणूस गोंधळतो. डीव्हीडी म्हणजे तबकडीसाठी किंवा व्हर्च्युअल मशीनसाठी. व्हीजीए म्हणजे पेन ड्राइव्हसाठी, मॉनिटर जोडलेल्या मशीनला. सीरियल म्हणजे मॉनिटर नसलेल्या छोट्या डब्यांसाठी. नॅनो म्हणजे मेमरी कार्डावरून चालणाऱ्या उपकरणांसाठी. आपल्याला हवी ती व्हीजीए. चुकून सीरियल घेतली तर थोडा मजकूर येऊन पडदा थांबतो आणि मशीन मेलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते सीरियल पोर्टातून बोलत असतं, ऐकायला तिथे कुणी नसतं.

फाइल दाबलेल्या स्वरूपात येते. पेन ड्राइव्हवर लिहिण्याआधी ती उघडून घ्यायची. डाउनलोड नीट झालं का हे तपासायला ६४ अक्षरांचा एक ठसा दिलेला असतो, चेकसम. तो दाबलेल्या फाइलचा असतो. लोक आधी फाइल उघडतात, मग ठसा ताडून बघतात, तो जुळत नाही, आणि चांगली फाइल फेकून देतात. आधी ठसा जुळवा, मग उघडा, मग रूफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्हवर लिहा. विंडोजमध्ये नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

तरीही पीसी पेन ड्राइव्हला विचारत नसेल तर बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या त्याच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद करा. ते फक्त ओळखीची सही असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आत घेतं, आणि इथे ती सही नसते. आणि सुरू होता होता ‘माउंटरूट’ असा शब्द येऊन गाडी थांबली तर घाबरू नका. मशीनला आपला पेन ड्राइव्ह वेळेत सापडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पीसीच्या मागच्या बाजूच्या जुन्या, काळ्या यूएसबी पोर्टात लावून बघा. माझ्या अनुभवात एवढ्याने काम होतं.

आता एक फसवी जागा. पेन ड्राइव्हवरून ओपीएनसेन्स थेट चालतं. ‘रूट’ या नावाने आत गेलात तर सगळं दिसतं, सेटिंग करता येतं, नेटही चालतं. पण ते सगळं नुसतं मेमरीत असतं, मशीन बंद केलं की पुसलं जातं. डिस्कवर कायमचं बसवायचं तर ‘इन्स्टॉलर’ या नावाने आत जायचं, पासवर्ड ‘ओपीएनसेन्स’, इंग्रजी छोट्या अक्षरांत. आणि काम झाल्यावर पेन ड्राइव्ह काढायचा. ‘रोज सकाळी सगळं सेटिंग जातं’ असं सांगणाऱ्या एका क्लासमध्ये मी गेलो होतो, तेव्हा पेन ड्राइव्ह पीसीच्या मागे तसाच लावलेला होता.

डिस्कवर फाइली कशा मांडून ठेवायच्या यासाठी इन्स्टॉलर झेडएफएस आणि यूएफएस असे दोन पर्याय देतो. मेमरी ४ जीबी किंवा जास्त असेल तर झेडएफएस घ्या. आपल्याकडे लाइट न सांगता जाते. अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत वीज गेली तरी झेडएफएस सावरतं, यूएफएसला दुखणं लागू शकतं.

दोन दारं हवीत, आणि ती ओळखता यायला हवीत

वॉचमनला गेटच्या दोन्ही बाजू लागतात. बाहेरची बाजू म्हणजे वॅन, आतली म्हणजे लॅन. जुन्या पीसीला लॅन केबलचं एकच भोक असतं, म्हणून दुसरं नेटवर्क कार्ड घ्यावं लागतं. इथे शंभर-दोनशे रुपयांकडे बघू नका. फ्रीबीएसडीचं इंटेलच्या कार्डांशी चांगलं जमतं. रिअलटेकची कार्डं चालतात, पण जोराचं डाउनलोड लागलं की काही अडखळतात आणि पडद्यावर ‘वॉचडॉग टाइमआउट’ असा संदेश येतो. त्यासाठी ओपीएनसेन्समध्ये रिअलटेकच्या ड्रायव्हरचं वेगळं प्लगइन मिळतं, ते आधी लावून बघा. यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर चाचणीपुरतं ठीक, रोजच्या कामाला नको.

कार्डांची नावंही वेगळी असतात. इंटेलची ‘ईएम’, ‘आयजीबी’ किंवा ‘आयजीसी’, रिअलटेकचं ‘आरई’, आणि पुढे शून्यापासून आकडे. पीसीच्या मागे मात्र यातलं काही लिहिलेलं नसतं. त्यामुळे सगळ्यात जास्त होणारी चूक ही : बाहेरची केबल आतल्या दारात आणि आतली बाहेरच्या दारात.

ओळखायचा सोपा मार्ग आहे. दोन्ही केबल काढा. पडद्यावरच्या यादीत १ क्रमांक दाबून ‘असाइन इंटरफेसेस’ निवडा. वॅनचं नाव विचारलं की ‘ए’ हे अक्षर टाका आणि ती एकच केबल लावा. दिवा लागतो, मशीन त्या कार्डाचं नाव स्वतःच सांगतं. मग लॅनसाठी तेच. काम झालं की पीसीच्या मागे चिकटपट्टी लावून पेनाने ‘बाहेर’ आणि ‘आत’ लिहा. सहा महिन्यांनी झाडताना कुणीतरी केबल काढून पुन्हा लावणार आहे.

दोन गावांत एकच शिवाजी चौक

ही अडचण मला इतक्या वेळा भेटली आहे की तिच्यावर थोडं थांबतो.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. घरातल्या वापरासाठी काही पत्ते मोकळे ठेवलेले आहेत, १९२.१६८ने सुरू होणारे त्यातलेच. ओपीएनसेन्स स्वतःला आतल्या बाजूने १९२.१६८.१.१ हा पत्ता घेतं. आणि नेट देणाऱ्याने बसवलेला डबा? बऱ्याचदा तोही १९२.१६८.१.१ असतो.

आपल्याकडे प्रत्येक गावात शिवाजी चौक असतो. साताऱ्यात रिक्षात बसून ‘शिवाजी चौकात सोडा’ म्हटलं तर रिक्षावाला तुम्हाला कोल्हापूरच्या शिवाजी चौकात नेणार नाही. त्याच्या दृष्टीने तो चौक गावातच आहे, गावाबाहेर जायचं कारणच काय? फायरवॉलचं हेच होतं. बाहेरच्या डब्याला द्यायचा निरोप ‘हा पत्ता तर आपल्याच अंगणातला’ म्हणून ती आतल्या आत फिरवते. दोन्ही दिवे हिरवे, दोन्ही बाजूंना पत्ते आहेत, आणि नेट नाही.

तपासायला पडद्यावर वॅन आणि लॅनसमोर काय लिहिलंय ते वाचा. ठिपक्यांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन (उदा. १९२.१६८.१) दोन्हीकडे सारखे असतील तर रोग सापडला. यादीतला २ क्रमांक निवडून लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा करा, मास्क, म्हणजे पत्त्यातला किती भाग गल्लीचा हे सांगणारा आकडा, २४ ठेवा. मग तुमच्या पीसीची केबल काढून पुन्हा लावा, म्हणजे त्यालाही नव्या गल्लीतला पत्ता मिळेल. मी तर आता वॅनची केबल लावण्याआधीच हा बदल करतो.

बाहेरून पत्ताच मिळत नाही

वॅनसमोर काहीच लिहिलेलं नसेल तर दोष बहुतेक वेळा तुमच्या मशीनचा नसतो. गावोगावचे केबलवाले नेट देताना ग्राहकाच्या राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डावर कारखान्यातच कोरलेला क्रमांक, नोंदवून ठेवतात. नवं मशीन आलं की त्यांचं यंत्र त्याला ओळख देत नाही. त्यांना फोन करून नवा क्रमांक नोंदवा, किंवा जुन्या राउटरच्या पाठीवरचा क्रमांक वॅनच्या सेटिंगमध्ये भरा. त्याआधी त्यांचा डबा पाच मिनिटं बंद ठेवून बघा, काही डबे जुन्या पाहुण्याला धरून बसलेले असतात.

दुसरी शक्यता पीपीपीओईची. युजरनेम-पासवर्ड देऊन जोडणी होते तो हा प्रकार, बीएसएनएलच्या ब्रॉडबँडला असतो तो. वॅनचा प्रकार ‘डीएचसीपी’वरून (यात पत्ता आपोआप मिळतो) ‘पीपीपीओई’ करावा लागतो आणि नेट देणाऱ्याचा डबा ‘ब्रिज’ पद्धतीवर, म्हणजे स्वतः जोडणी न करता ती नुसती पुढे देईल असा, ठेवून घ्यावा लागतो. यात एक चमत्कारिक लक्षण दिसतं : काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. नेटवरून माल पाकिटांतून जातो आणि पाकिटाची नेहमीची मर्यादा १५०० बाइटची. पीपीपीओईचं वेष्टन त्यातले ८ घेतं, उरतात १४९२. रेल्वेपुलाखालून जाणारा ट्रक चार बोटं जास्त उंच भरला तर तो पुलापाशी अडतो, रिकामी जीप सहज जाते. तसंच हे. वॅनच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे हीच पाकिटाची मर्यादा, १४९२ आहे ना, एवढं बघा.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान सुरू होत असेल तर नेट देणाऱ्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. नेट चालेल, पण बाहेरगावाहून घरचे कॅमेरे थेट बघणं जमणार नाही. त्याला फायरवॉलमध्ये इलाज नाही, सार्वजनिक पत्ता वेगळा मागून घ्यावा लागतो.

घड्याळ चुकलं म्हणून नेट बंद

एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी जुन्या पीसीवर ओपीएनसेन्स बसवलं होतं. दोन दिवस सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तास लाइट गेली, आणि आली तेव्हा एकही साइट उघडेना. ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘दिवे तर सगळे लागलेत हो.’ पडद्यावरच्या यादीतला ७ क्रमांक पिंगचा, म्हणजे समोरच्याला हाक मारून बघण्याचा. ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला हाक मारली, लगेच उत्तर आलं. म्हणजे वायर ठीक, कार्ड ठीक, पत्ता ठीक. मग एका साइटच्या नावाने हाक मारली, उत्तर नाही. अडलं होतं नावापाशी.

नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात, ती इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरीच. तिची उत्तरं खोटी तर नाहीत ना हे सह्या तपासून बघायची सोय मी चालू केली होती. प्रत्येक सहीला मुदत असते, चेकला असते तशी. मी सहज मशीनची तारीख बघितली. २०१२ सालचा जानेवारी महिना! त्या तारखेच्या हिशेबाने आजची प्रत्येक सही अजून सुरूच व्हायची होती, म्हणून फायरवॉल प्रत्येक उत्तर नाकारत होती. बरोबर वेळ नेटवरून विचारायची तर त्या सर्व्हरचा पत्ता नावावरूनच शोधायचा, आणि नाव तर सापडत नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

पीसीचं झाकण उघडलं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. नखाने बाजूची पत्ती दाबली की तो टुणकन वर येतो. तो कधीच संपला होता. चौकातल्या घड्याळाच्या दुकानातून नवा आणून घातला, बायॉसमध्ये तारीख लावली, आणि दोन मिनिटांत नेट चालू झालं. तेव्हापासून कुठलाही जुना पीसी हातात आला की मी आधी सेल बदलतो, मग पेन ड्राइव्ह लावतो. वर सांगितलेल्या सर्ट-इनच्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलंय. चुकीच्या वेळेच्या नोंदी चौकशीत कुणाच्याच कामाच्या नसतात.

फायरवॉलला नेट आहे, माझ्या पीसीला नाही

पीसीचा पत्ता बघा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर पीसी सांगतोय : मला कुणी पत्ता दिला नाही, मीच एक मनाने घेतला. केबल चुकीच्या भोकात आहे किंवा पत्ते वाटणारी सेवा, म्हणजे मघाशी नाव आलेलं डीएचसीपी, बंद आहे.

पत्ता भलत्याच गल्लीतला असेल तर घरात पत्ते वाटणारे दोघं झालेत. जुना वायफाय राउटर फायरवॉलच्या आतल्या बाजूला तसाच लावला की असं होतं. कधी हा पत्ता देतो, कधी तो, आणि नेट येऊन-जाऊन राहतं. जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा आणि फायरवॉलची केबल त्याच्या वॅन नव्हे, लॅन भोकात लावा. आता तो नुसता वायफाय पसरवेल.

फायरवॉलचं सेटिंगचं पान (ब्राउझरमध्ये तिचा लॅनचा पत्ता टाकला की उघडतं ते) पहिल्यांदा उघडताना ब्राउझर ‘ही जागा सुरक्षित नाही’ असा मोठा इशारा देतो. मशीनने स्वतःचं ओळखपत्र स्वतःच छापलेलं असतं, म्हणून ती कुरकुर. केबल तुमची, मशीन समोर, तर पुढे जायला हरकत नाही. बँकेच्या साइटवर असा इशारा आला तर मात्र एक पाऊलही पुढे टाकू नका.

हेच पान वॅनच्या बाजूने उघडत नाही म्हणून काही जण वैतागतात आणि फायरवॉलच तात्पुरती बंद करण्याचा कुठेतरी वाचलेला उपाय करतात. तसं करू नका. बाहेरून ते उघडू नये यासाठीच तर ती बसवली आहे.

‘कोड उघडा आहे, मग चोरालाही दिसतो की!’

दिसतो. तसा तो दुरुस्ती करणाऱ्या शेकडो जणांनाही दिसतो. कुलूप कसं बनतं हे सगळ्यांना माहीत असलं तरी तुमची किल्ली तुमच्याकडेच असते. धोका असतो तो अपडेट न करण्यात. ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये येते, मधल्या काळात छोट्या दुरुस्त्या येत राहतात. आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, कारखान्यातला पासवर्ड साऱ्या जगाला पाठ आहे.

विजेचा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. ४० वॅट घेणारा पीसी चोवीस तास चालला तर महिन्याला २९ युनिटच्या आसपास जातात. १० वॅटचा छोटा डबा सातेक युनिटमध्ये भागवतो. कायमच चालवायचं असेल तर वर्षभराचा हिशेब मांडून बघा.

आणि फायरवॉल बसवली म्हणजे व्हायरस गेला असं नाही. आतल्याच माणसाने फसव्या मेलमधली फाइल उघडली तर वॉचमनच्या दृष्टीने तो मागवलेला किराणाच असतो. आजची बहुतेक पाकिटं सीलबंद येतात, त्याला आत डोकावता येत नाही.

चालू झाल्यावर दोन कामं

बायॉसमध्ये वीज परत आल्यावर पीसी आपोआप सुरू व्हावा अशी सोय असते, ती चालू करा. नाहीतर रात्री लाइट जाऊन आली की सकाळी ऑफिस उघडेपर्यंत सगळं बंद.

दुसरं, सगळं नीट चालतंय त्याच दिवशी सेटिंगची प्रत काढून घ्या. ‘सिस्टिम’मधल्या ‘कॉन्फिगरेशन’खाली ‘बॅकअप्स’ आहे, तिथून एकच छोटी फाइल उतरते. दारं कोणती, पत्ते कोणते, नियम कोणते, सगळं तिच्यात. उद्या डिस्क गेली तर दुसऱ्या पीसीवर नवं इन्स्टॉल करून ही फाइल भरायची. कार्डांची नावं वेगळी असली तर १ क्रमांकाने दारं पुन्हा दाखवायची, बाकी सगळं जिथल्या तिथे येतं. तिच्यात पासवर्डच्या खुणा असतात, म्हणून ती मेलवर फिरवायची नाही. वाचनालयाची फाइल एका पेन ड्राइव्हवर आहे. तो पेन ड्राइव्ह पाकिटात, आणि पाकीट ग्रंथपालबाईंच्या कपाटात, सभासद नोंदवहीच्या खाली. पाकिटावर तारीख आहे, आणि सोबत एक जादा सीआर २०३२.